कोळी, पानाची लव आणि साठची लेन्स



मागच्या आठवड्यात स्ट्रॉबेरीच्या पानाखालच्या कोळ्याचा फोटो टाकला, तेव्हापासून फोन सुरू आहेत. निम्मे जण विचारतात औषध कोणतं मारलं, निम्मे विचारतात कॅमेरा कोणता. औषधाचं नंतर सांगतो, त्याचं उत्तर एका शब्दात बसत नाही. आधी कॅमेऱ्याचं. मी दहावी पास माणूस, यातलं कुठं शिकायला गेलो नाही. चुकत गेलो, पैसे घालवले, त्यातून जे कळलं तेवढंच लिहितो.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत झाली. मेटगुताडच्या खालच्या अंगाला माझा अठरा गुंठ्यांचा विंटर डॉनचा प्लॉट. फळ चांगलं लागलेलं, दिवसाआड साठ किलोच्या आसपास तोडणी चाललेली. आणि पानं तांबूस पडायला लागली. वरून बारीक पांढुरके ठिपके, तेज गेलेलं. मोबाईलनं चार फोटो काढले आणि एका सल्लागारांना पाठवले. त्यांनी सांगितलं थ्रिप्स दिसतोय, अमुक फवारा. सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातलं होतं ते. मी आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा मारलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पानाखाली जाळी दिसायला लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा थ्रिप्स नव्हताच, कोळी होता. पायरेथ्रॉईडनं कोळी मरत नाही, त्याला खाणारे किडे मात्र मरतात. म्हणजे मी पैसे खर्च करून कोळ्याचीच सोय केली होती. तोडणी साठावरून वीस-बावीसवर आली. शिवाय फवारणीनंतर जितके दिवस फळ तोडायचं नाही, तेवढ्या दिवसांचं पिकलेलं फळ बांधावर टाकलं ते वेगळंच.

आता चूक कोणाची म्हणाल, तर मी सल्लागारांना दोष देत नाही. ते फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत. मोठा करून बघितला की पानाची कड झक्क दिसते, मागचा मल्चिंग पेपरही दिसतो, आणि जिथं किडा बसलाय तिथं नुसता धुरळा. त्या धुरळ्यात त्यांनी थ्रिप्स बघितला, मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

तेव्हापासून डोक्यात बसलं की कोळ्याचे दोन ठिपके दिसले पाहिजेत. कोळ्याची मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळसर डाग, म्हणून तिला दोन ठिपक्यांचा कोळी म्हणतात. थ्रिप्स लांबट असतो, एक-दीड मिलिमीटरचा, गव्हाच्या कोंड्यासारखा. फोटो साफ असला तर दोघांत गोंधळ व्हायचं काही कारण नाही.

माझा पुतण्या वाईला लग्नाचे फोटो काढतो. त्यानं नवीन कॅमेरा घेतला होता आणि जुना निकॉन डी ३२०० कपाटात पडून होता. म्हणाला, "तात्या, हा घेऊन जा, फक्त लेन्स तुमची तुम्ही बघा." त्याच्याकडं एक लांबलचक झूम लेन्स होती, तिच्यावर मॅक्रो असं लिहिलेलंही होतं. तीच लावून बघितली. पानावरचा कोळी कोळी वाटेना, टाचणीनं टोचलेलं भोक वाटत होतं. तिथं पहिली गोष्ट कळली. लेन्सवर मॅक्रो लिहिलं म्हणजे ती मॅक्रो होत नाही. बघायचं ते प्रमाण. १:१ लिहिलेलं असलं, म्हणजे एक मिलिमीटरची वस्तू कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर एक मिलिमीटरचीच उमटते, तर ती खरी. झूमवर बहुतेक १:२, १:३, १:४ असतं, म्हणजे निम्मं, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा. डी ३२००चा सेन्सर साधारण २३ मिलिमीटर रुंद. म्हणजे १:१ ला सुद्धा फोटोच्या रुंदीत शेहेचाळीस कोळी एकामागं एक बसतील. ऐकायला कमी वाटतं, पण २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तो एक कोळी मोठा करून बघितला की ठिपके मोजता येतात. १:४ ला ठिपके विसरायचे.

दुसरी गोष्ट अंतराची. मॅक्रो लेन्स ४०, ६०, ९०, १००, १०५ अशा मिळतात. कोळी सगळ्यांत तेवढाच मोठा येतो, १:१ म्हणजे १:१. फरक पडतो तो किडा लेन्सच्या तोंडापासून किती लांब ठेवता येतो यात. चाळीसची लेन्स जवळजवळ पानाला टेकवावी लागते, तिचीच सावली पडते. साठला चार बोटं अंतर मिळतं. शंभर-एकशेपाचला वीतभर नाही, पण त्याच्या जरा अलीकडं. मी हिशोब केला: माझा किडा उडणारा नाही. पान देठापासून खुडून हातात धरता येतं, उलटं करता येतं. मग वीतभर अंतरासाठी जास्त पैसे कशाला? ज्याला फुलावरची मधमाशी, फुलपाखरू काढायचं आहे, त्यानं मात्र शंभरचीच घ्यावी. चार बोटांवर माशी थांबत नाही.

पुण्याला जाऊन जुन्या लेन्स विकणाऱ्या दुकानातून साठची घेतली, साडेबारा हजाराला. दुकानदारानं काढून दिली तिच्यावर मायक्रो लिहिलेलं. मी म्हणलं, मला मॅक्रो पाहिजे, ही कसली देताय? तो हसला. निकॉनवाले मॅक्रोलाच मायक्रो म्हणतात, हे मला काय माहीत.

घरी येऊन लावली तर कॅमेऱ्यात तीन अक्षरं लुकलुकायला लागली, एफ, ई, ई. बटण दाबलं तरी फोटो निघेना. थोरली लेक बघून म्हणाली, "अण्णा, फी भरायची राहिली वाटतं!" पुतण्याला फोन केला. त्यानं सांगितलं, जुन्या लेन्सवर छिद्राची वेगळी रिंग असते, ती शेवटच्या आकड्यावर, म्हणजे ३२ वर नेऊन लॉक करायची. केलं, फी माफ झाली. पण खरा घोटाळा पुढंच होता. बटण अर्धं दाबलं तर लेन्स हलेचना. कॅमेरा दुसऱ्या माणसाच्या पोटातला निघाला म्हणून मी घाबरलो. तर ही लेन्स फिरवायची मोटर कॅमेऱ्याच्या पोटात लागते, आणि डी ३२०० मध्ये ती नसतेच. मोठ्या मॉडेलमध्ये असते. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स कायमची हातानं फिरवायची. ऑटोफोकस नाही, विषय संपला. साडेबारा हजार देण्याआधी हे विचारलं नाही, त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यायचं ते घेतलं.

कोणी जुनी लेन्स घेणार असेल तर एवढं करा, स्वतःचा कॅमेरा बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा.

पहिले पंधरा दिवस एक फोटो धड आला नाही. मला वाटायचं लेन्स खराब, हात थरथरतो, वय झालं. निघाली माझी चाळिशी. जवळचा चष्मा लावून डोळा कॅमेऱ्याला लावायचो. पुतण्यानं एका रविवारी येऊन दाखवलं, बघायच्या भोकाच्या शेजारी एक बारकी कळ असते. चष्मा काढायचा, डोळा लावायचा, आणि आतले आकडे ठसठशीत दिसेपर्यंत ती कळ सरकवायची. आकडे साफ तर डोळा साफ. हे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं आधी करावं, हातानं फोकस करायचं म्हटल्यावर कॅमेरा काय मदत करत नाही, सगळी भिस्त डोळ्यावर.

मग कळली ती खरी गंमत. इतक्या जवळून बघताना लेन्सला साफ दिसणारी जागा किती जाड असते माहीत आहे का? छिद्र एफ ८ ला ठेवलं तर साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर. म्हणजे कोळ्याच्या लांबीएवढीच. त्याच्या पुढं धुरळा, मागं धुरळा. छिद्र आणखी बारीक केलं तर जाडी वाढते, पण एफ २२, ३२ वर सगळाच फोटो मऊ पडतो, धार जाते. मी एफ ११ वर थांबलो. त्या पाऊण मिलिमीटरच्या फळीत कोळी बसवायचा. रिंग फिरवून हे जमत नाही, कारण रिंग फिरवेपर्यंत आपण श्वास घेतो आणि मिलिमीटरभर पुढंमागं होतो. उलटं करायचं. रिंग १:१ वर नेऊन सोडून द्यायची, तिला परत हात लावायचा नाही. आणि आपण स्वतः पुढंमागं व्हायचं, तेही केसाएवढं. कोळी साफ दिसला की बटण.

यातला एक डाव मला आपोआप सापडला, नंतर कळलं की फोटोवाले करतातच. पान डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्सचं तोंड टेकवायचं. मग हात हलला तर पान आणि लेन्स दोन्ही बरोबरच हलतात, अंतर तेच राहतं. चिमूट जरा आवळली, सैल केली की फोकस पुढंमागं. आमच्याकडं वारं उठतं साडेनऊ-दहाला, त्याच्या आत करायचं. थंडीत सकाळी कोळीही सुस्त असतो. फक्त आपला श्वास लेन्सवर जाऊ द्यायचा नाही, चार बोटांवरून काच लगेच धूसर होते.

उजेड हा वेगळा त्रास. लेन्सच उन्हाच्या आड येते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडला तर लेन्सच्या नळीची काळी सावली फोटोच्या खालच्या भागात पडते. मी क्रॉप कव्हरचा वीतभर तुकडा दुपदरी करून फ्लॅशपुढं रबरानं बांधला, पुढं लेन्सच्या तोंडावर लोंबेल असा. उजेड पसरून मऊ येतो. आणि खालून मल्चिंग पेपरच्या उरलेल्या तुकड्याची चंदेरी बाजू धरायची, पानाच्या खालच्या अंगाला उजेड भरतो. आपल्या घरात पडलेल्या वस्तू आहेत, वेगळं काही आणायला नको. पण चंदेरी पेपर फोटोत दिसू द्यायचा नाही, त्याच्या चमकीला फसून कॅमेरा बाकीचं सगळं काळं करतो.

आता ऑटो चांगलं का हाताचं, हा प्रश्न. माझ्याकडं ऑटो नव्हतंच, म्हणून मी हाताचं गुणगान गातोय असं कोणी म्हणेल. त्यासाठी पुतण्याचा नवा कॅमेरा आणि ऑटोवाली एकशेपाचची लेन्स मुद्दाम प्लॉटवर आणायला लावली. एकाच बेडवर, एकाच पानावर दोघांनी काढले. स्ट्रॉबेरीच्या पानाला खालून लव असते, पांढरी, बारीक. कोळी त्या लवेच्या बुडाशी शिरेला चिकटून बसतो. पुतण्याची लेन्स किर्र करून पुढं जायची, मागं यायची, आणि शेवटी लवेच्या टोकावर थांबायची. बारा फोटोंत लव अशी साफ की मोजून घ्या, आणि कोळी मागं धुरळ्यात. कॅमेऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याला ठळक, जवळचं, उजेडातलं दिसतं ते तो पकडतो. आपल्याला त्या लवेखाली दडलेलं पाहिजे हे त्याला कोण सांगणार? माझ्या कॅमेऱ्यात फोकस बरोबर असला की कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो, तोसुद्धा असाच लवेला भुलतो. मी त्याच्याकडं बघत नाही.

पण त्याच सकाळी फुलांवर मधमाश्या आल्या आणि माझी फजिती झाली. मी पुढंमागं होईपर्यंत माशी तिसऱ्या फुलावर. पुतण्यानं ऑटो लावून पाच मिनिटांत माशीचे सहा फोटो काढले, पायाला चिकटलेला परागसुद्धा साफ. स्ट्रॉबेरीच्या फळाचा आकार परागीभवनावर असतो हे आपल्याला माहीत आहे, फूल नीट फळलं नाही की फळ वेडंवाकडं. ते दाखवायला माशीचा फोटो लागतोच. इकडं मांघरसारखं गावच्या गाव मधमाशी पाळतं, तिथल्या पोरांना मी ऑटोच घ्या म्हणेन. उडणाऱ्याला ऑटो, बसलेल्याला हात, इतकंच माझं मत.

आता औषधाचं. यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परत पानं निस्तेज दिसली. पंपात औषध कालवायचं तेवढं बाकी होतं, बाटली बांधावर आणून ठेवलेली. घरातून म्हणाल्या, "अवो, एवढं साडेबारा हजाराचं आणलंय, आधी त्यातनं बघा तरी." म्हणून वरच्या बेडवरची दहा आणि खालच्या रस्त्याकडच्या बेडवरची दहा पानं खुडली आणि ओसरीत बसून फोटो काढले. लेकीनं लॅपटॉपवर मोठे करून दाखवले. ठिपकेवाला कोळी होताच, शेजारी त्याची गोल, मोत्यासारखी अंडी. पण वरच्या बेडच्या सात पानांवर आणखी एक जण होता. जवळपास तेवढाच, नासपतीच्या आकाराचा, चकचकीत, नारिंगी झाक, पाय लांब, अंगावर ठिपका एकही नाही. आणि एक अंडं लांबट, बाकीच्यांपेक्षा मोठं.

कृषी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना पाठवले. अर्ध्या तासात फोन. म्हणाल्या, "दादा, फवारलं नाही ना अजून? हा बिनठिपक्याचा शिकारी कोळी आहे. तो त्या दुसऱ्याला खातो. वरच्या बेडला आठ दिवस हात लावू नका, रोज वीस पानं मोजा." मी म्हटलं, नाही झालं तर? म्हणाल्या, "मोजताय तर कळेलच की."

ते आठ दिवस लई वाईट गेले. शेजारचे बांधावरून विचारायचे, औषध संपलं का काय? दोन वर्षांपूर्वी उशीर झाला नव्हता, चुकीचं मारलं होतं, हे मला माहीत. पण हात शिवशिवतोच. रोज सकाळी वीस पानं, भिंगातून मोजायची, वहीत लिहायची. चौथ्या दिवशी कोळी वाढलेलाच होता. त्या रात्री मी बाटली परत बांधावर नेऊन ठेवली होती, हे मॅडमना अजून सांगितलेलं नाही. सहाव्या दिवशी आकडा थांबला, आठव्याला उतरला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वरच्या बेडवर शोधून कोळी सापडायचा.

खालच्या रस्त्याकडच्या बेडवर तसं झालं नाही. तिथं गाड्यांची धूळ पानावर बसते, धुळीत कोळी जास्तच माजतो, आणि दहाच्या दहा पानांवर शिकारी एकही नव्हता. तिथं मॅडमना विचारून कोळीनाशक एकदा मारलं, तेवढ्या चार बेडांवरच, आणि तिथली फळं ठरलेले दिवस तोडली नाहीत. म्हणून म्हणलं, कोणतं औषध मारलं याचं उत्तर एका शब्दात नाही. माझ्या चार बेडांचं औषध तुमच्या प्लॉटला सांगून मी परत तेच करायचो, जे दोन वर्षांपूर्वी झालं.

आता सगळ्यांनी साडेबारा हजार घालावेत असं मुळीच नाही. रोजच्या मोजणीला दहा पटीचं भिंग, तीनशे रुपयांचं, पुष्कळ झालं. डोळ्याजवळ धरायचं आणि पान त्याच्याकडं आणायचं, भिंग पानाकडं न्यायचं नाही. लांबच्या माणसाला दाखवायचं असलं तरच फोटो लागतो. मोबाईलला चिमट्यानं लावायची काच मिळते, तीही चालते, फक्त मोबाईल स्वतः फोकस शोधत बसला की तोही लवेवरच जातो. बहुतेक मोबाईलमध्ये पडद्यावर एका जागी बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. तसा लॉक करायचा, आणि मग मोबाईल पानाजवळ-लांब करत न्यायचा. एकदम पाच-सहा फोटो काढायचे, त्यातला एक साफ येतोच. पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर तो आकसतो आणि ठिपके परत धुरळ्यात जातात. सोबत पान कुठल्या बेडवरचं, वरचं की खालचं, आधी काय मारलं, तेही लिहा.

परवा मॅडमना फुलातल्या थ्रिप्सचा फोटो पाठवायचा होता, तो अजून जमला नाही. फूल हातात धरलं की तो पाकळ्यांच्या बुडाशी पळतो. पाकळ्या काढून बघतोय, चार बोटांवरून उजेड आत जात नाही. कोणाला जमला असेल तर कसा काढला ते कळवा. यायचंच असेल तर सकाळी आठच्या आत प्लॉटवर या, नंतर वारं असतं.